जुन्या ऑटोमॅटिक गाडीत एसी बसवताना : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १९५० ते १९८० च्या दशकांतल्या, कार्बोरेटर किंवा जुनं डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांसाठी आहे. इम्पाला, डॉज, प्लायमाउथ, जुन्या मर्सिडीज अशा गाड्या आजही कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात जपलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीतून एसी आलेला नसतो, किंवा आलेला असला तरी तो कधीच काढून टाकलेला असतो.

अशा गाडीत नंतर एसी बसवता येतो का?

येतो, आणि चांगला चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० वर असताना दसरा चौकातल्या सिग्नलला उभ्या गाडीतही थंड हवा मिळू शकते. अट एवढीच, की कामाची सुरुवात कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) विकत घेण्यापासून करायची नाही. रेडिएटर, गिअर ऑइलचं तापमान, वीज आणि इंजिनचा स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) ही चार कामं आधी पार पाडा, मग एसी. बिघडलेल्या बहुतेक कामांत एसीचे भाग ठीक असतात. या चारपैकी काहीतरी राहून गेलेलं असतं.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असल्याने काय फरक पडतो?

तीन गोष्टी बदलतात.

पहिली, स्लोवरचा भार. मॅन्युअल गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहते, इंजिन मोकळं असतं. ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून उभी असते आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग, इंजिनला सतत ओढत असतो. त्यात कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा भाग) बसला की स्लो आणखी १०० ते २०० आरपीएम खाली येतो. ५५० वर चालणारं इंजिन त्या क्षणी थरथरतं किंवा बंद पडतं.

दुसरी, उष्णता. गिअर ऑइल थंड करणारी नळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत असते. कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुढे बसवला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. त्यामुळे पाणी जास्त गरम राहतं आणि त्याच पाण्यावर थंड होणारं गिअर ऑइलही. इंजिन तापलं तर काटा दाखवतो, पण गिअर ऑइल तापल्याचं डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. जाणकारांचा ठोकताळा असा, की ८० अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांमागे ऑइलचं आयुष्य अर्ध्यावर येतं. १२० च्या पुढे सील कडक होतात आणि गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट जळू लागतात.

तिसरी, गिअर बदलण्याचा इशारा. जुन्या गिअरबॉक्सला इंजिनवरचा भार कळतो तो व्हॅक्यूमच्या नळीतून किंवा कार्बोरेटरला जोडलेल्या लिंकेज अथवा केबलमधून. एसीसाठी स्लो बदलला, ब्रॅकेटसाठी लिंकेज वाकवलं किंवा व्हॅक्यूमची नळी फोडली की गिअर चुकीच्या वेळी पडतात.

काम सुरू करण्याआधी काय तपासायचं?

कॉम्प्रेशन टेस्ट करा. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. कॉम्प्रेसर स्लोवर दोन-तीन आणि हायवेला पाच-सहा हॉर्सपॉवर खातो. मोठ्या व्ही-८ ला ते जाणवतही नाही, पण दमलेल्या सहा सिलिंडर इंजिनला जाणवतं.

पेट्रोल इंजिन असेल तर इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम मोजा. पुस्तकात १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेले असतात, पण ते समुद्रसपाटीचे. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे दीड-दोन इंच कमी दिसणं बरोबर आहे. महत्त्वाचा तो काटा स्थिर राहणं.

गिअर ऑइलची कांडी काढून ऑइल पांढऱ्या कापडावर पुसा. लालसर असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर आधी गिअरबॉक्सचं काम. घसरणाऱ्या गिअरबॉक्सवर एसीचा भार टाकू नका. पातळी बघताना इंजिन चालू आणि ऑइल गरम हवं. जीएमच्या (इम्पालासारख्या) गाड्यांत लिव्हर पी (पार्क) मध्ये ठेवून बघतात, क्रायस्लरच्या (डॉज, प्लायमाउथच्या) टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये एन (न्यूट्रल) मध्ये.

रेडिएटरचं नेमकं काय करावं लागतं?

सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या. साठ वर्षांच्या रेडिएटरमध्ये अर्ध्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असणं सामान्य आहे. नुसतं फ्लशिंग पुरत नाही. टाक्या उघडून नळ्या साफ करून घ्या, किंवा तांब्या-पितळेची नवी जाळी बसवा. दोन ओळींची जाळी असेल आणि जागा असेल तर तीन ओळींची करा. मूळच्या टाक्या कायम ठेवता येतात, त्यामुळे बाहेरून रूप बदलत नाही.

रेडिएटरवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा : टाकीतल्या गिअर ऑइल कूलरची वेगळी चाचणी हवी, दोन्ही तोंडं बंद करून, हवेचा दाब देऊन, पाण्यात बुडवून. हा कूलर आतून गळला तर पाणी गिअरबॉक्समध्ये जातं, ऑइल गुलाबी दुधासारखं होतं आणि क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं. मॅन्युअल गाड्यांचीच सवय असलेल्या कारागिराच्या हे लक्षात येत नाही.

मग पंखा. उभ्या गाडीत सगळी मदार पंख्यावर आणि त्याच्या भोवतीच्या कव्हरवर, म्हणजे श्राउडवर असते. श्राउड नसेल तर पंखा तीच गरम हवा गोल फिरवत राहतो. पत्र्याचा श्राउड करून घ्या. पंख्याचं पातं निम्मं आत, निम्मं बाहेर राहील आणि टोकाभोवती पंधरा-वीस मिमी मोकळी जागा उरेल असा. चार पात्यांऐवजी सहा-सात पात्यांचा पंखा घ्या. कंडेन्सरपुढे इलेक्ट्रिक पंखा जोडीला लावता येतो, पण पट्ट्यावरचा पंखा काढून त्याच्या जागी एकच स्वस्त इलेक्ट्रिक पंखा लावणं हा धोक्याचा सौदा आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. "काढला की गाडी तापत नाही" हा सल्ला अजून ऐकू येतो. थर्मोस्टॅट नसला की पाण्याच्या वाटेतला अडसर जातो, पाण्याच्या पंपाभोवतीचा दाब बिघडतो आणि इंजिनच्या गरम कोपऱ्यांत वाफेचे बुडबुडे धरतात. ८२ अंशांचा चांगला थर्मोस्टॅट ठेवा. या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण रेडिएटरचं ७ पीएसआय दाबाचं झाकण ती मर्यादा अकरा-बारा अंशांनी वाढवतं. मूळ झाकण ४ पीएसआयचं असेल तर ७ करण्याआधी हीटरची जाळी आणि होज तेवढा दाब सोसतील का ते बघा.

कंडेन्सर किती मोठा घ्यायचा?

ग्रिलमागे मावेल तेवढा मोठा, आणि पॅरलल-फ्लो प्रकारचा. जुना नळी-पट्टीचा कंडेन्सर आजच्या गॅसला कमी पडतो. रेडिएटरपासून १२ ते २० मिमी अंतर ठेवा आणि चारही कडा फोम किंवा रबराच्या पट्टीने बंद करा. नाहीतर इंजिनखान्यातली गरम हवा कडेने पुढे येऊन पुन्हा कंडेन्सरमध्ये शिरते. उभ्या गाडीत थंडावा कमी होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि त्यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे.

गिअर ऑइलला वेगळा कूलर लावायलाच हवा का?

हो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आणि आजूबाजूच्या घाटांसाठी आम्ही तो पर्यायी मानत नाही.

थरांचा, म्हणजे स्टॅक्ड-प्लेट कूलर घ्या. जोडणीचा क्रम असा : गिअरबॉक्समधून गरम ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून वेगळ्या कूलरमध्ये आणि तिथून परत गिअरबॉक्सला. उलटं केलं तर थंड झालेलं ऑइल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापतं. जाणारी नळी कोणती हे ओळखायला थंड गाडी सुरू करा, आर (रिव्हर्स) आणि डी मध्ये थोडा वेळ ठेवा आणि मग हात लावून बघा. आधी गरम होते ती गिअरबॉक्समधून बाहेर येणारी.

कूलर कंडेन्सरच्या पुढे अगदी मध्यभागी टांगू नका. कडेला, खालच्या बाजूला किंवा बंपरच्या आत हवा लागेल तिथे लावा. जाळीतून आरपार प्लास्टिकच्या पिना घालून बांधण्याची पद्धत टाळा. गाडीच्या थरथरीने जाळी घासून भोक पडतं. पट्टीचं छोटं ब्रॅकेट करून घ्या. होज गिअर ऑइलचाच हवा. पेट्रोलचा होज उष्णतेने लवकर कडक होतो. तो सुटला तर सगळं ऑइल रस्त्यावर जातं आणि गिअरबॉक्स काही मिनिटांत संपतो.

कूलर भरायला साधारण ३०० ते ६०० मिली जास्त ऑइल लागतं. जीएम आणि जुन्या मर्सिडीजला डेक्सरॉन-३ प्रकारचं चालतं. फोर्डच्या जुन्या गिअरबॉक्सना टाइप-एफ लागतं, आणि या दोन ऑइलांची क्लचवरची पकड वेगळी असते. जवळ मिळालं म्हणून दुसरं ओतू नका. नळीवर तापमानाचा सेन्सर आणि डॅशखाली छोटा गेज लावलात तर पुढची सगळी काळजी अंदाजाऐवजी आकड्यांवर चालेल.

कॉम्प्रेसर कोणता घ्यायचा?

सँडनचा पाच पिस्टनचा १३८ सीसी कॉम्प्रेसर, म्हणजे पूर्वीचा ५०८ आणि आताचा ५एच१४, बहुतेक गाड्यांना पुरतो. मोठ्या केबिनच्या अमेरिकन गाडीला १५५ सीसीचा ७एच१५ घेतला तरी चालेल. जुन्या यॉर्क प्रकारच्या दोन पिस्टनच्या कॉम्प्रेसरपेक्षा हे हलके आहेत आणि हादरा कमी देतात. बसवताना ऑइलचा प्लग वरच्या बाजूला ठेवा. उभ्या स्थितीपासून डावीकडे-उजवीकडे ९० अंशांपर्यंत कलला तर चालतो, त्याहून जास्त नाही.

ब्रॅकेट आणि पुली इथे करून मिळतील का?

कोल्हापूरचा खरा फायदा हाच आहे. उद्यमनगरात लेथ, मिलिंग, वेल्डिंग आणि ओतकामाची जाण असलेले लोक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका नगासाठी पॅटर्न करून ओतकाम करण्यात अर्थ नाही. ८ ते १० मिमीची माइल्ड स्टीलची प्लेट कापून, वेल्ड करून ब्रॅकेट करा. वेल्डिंगने प्लेट ओढली जाते, म्हणून कॉम्प्रेसर टेकणारे पृष्ठभाग वेल्डिंगनंतर मशीनवर घ्या, आधी नाही. आधी कागदाच्या पुठ्ठ्याचा साचा करून बोनेट बंद होतं का, स्टेअरिंग बॉक्सला लागत नाही ना, हे बघितलं तर दोन फेऱ्या वाचतात.

ब्रॅकेट इंजिनलाच बांधायचं, चेसिसला कधीच नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं आणि चेसिस हलत नाही, त्यामुळे पट्टा उडतो. किमान तीन ठिकाणी पकड हवी. नुसत्या वॉटर पंपाच्या बोल्टवर टांगलेलं ब्रॅकेट काही दिवसांत पंपाचं गॅस्केट फोडतं.

क्रँकच्या पुलीवर जादा खाच नसेल तर वेगळी पुली टर्न करून मूळ पुलीच्या पुढे बोल्टने लावतात. मध्यभाग मूळ पुलीच्या खोबणीत नीट बसला पाहिजे, नुसत्या बोल्टवर मध्य साधत नाही. कॉम्प्रेसरची आणि क्रँकची खाच दीड मिमीच्या आत एका रेषेत हवी. पट्टा कॉम्प्रेसरच्या पुलीला किमान १२० अंश वेढा घालेल असं बघा. ताण असा, की तीस सेंटीमीटरच्या मोकळ्या भागावर अंगठ्याने जोर दिल्यावर पट्टा १०-१२ मिमी दबेल.

पुलीचं गुणोत्तर ऑटोमॅटिक गाडीत विचार करून ठरवा. डी मध्ये इंजिन ६०० वर असतं. गुणोत्तर १.३ धरलं तर कॉम्प्रेसरला ७८० आरपीएम मिळतात, म्हणजे सिग्नललाही थोडी थंड हवा. इंजिन ४५०० वर गेलं तर कॉम्प्रेसर ५८५० वर, म्हणजे ६००० च्या मर्यादेत. १.५ केलं तर सिग्नलला आणखी बरं वाटेल, पण किकडाऊनला, म्हणजे पेडल पूर्ण दाबून खालचा गिअर पडतो तेव्हा, मर्यादा ओलांडली जाईल.

डॅशखाली एसीचा कुठला युनिट (कूलिंग कॉइल आणि ब्लोअरचा डबा) बसतो?

मोजमाप हाच उत्तराचा मोठा भाग. अमेरिकेतले तयार किट डाव्या स्टेअरिंगसाठी असतात. त्यांत कूलिंग कॉइलचा डबा उजवीकडच्या ग्लोव्हबॉक्समागे जातो. आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत तिथे स्टेअरिंग कॉलम आणि पेडल असतात. तो डबा डावीकडे घ्यावा लागतो, मग पाइपांची तोंडं आणि पाण्याची नळी चुकीच्या बाजूला येतात. किट मागवण्याआधी विचारा. नाहीतर भारतात मिळणारा डॅशखालचा स्वतंत्र युनिट घ्या.

फ्लोअर शिफ्ट असेल तर लिव्हर पी मध्ये पूर्ण पुढे ढकलून बघा, युनिटला हात लागता कामा नये. कॉलम शिफ्ट असेल तर फायरवॉलमधून जाणाऱ्या लिंकेजच्या वाटेत एसीचे पाइप आणू नका.

जुन्या गाड्यांच्या काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखालच्या भागात, आणि पायाशी बाहेरची हवा घेणारी झाकणं असतात. ती गळत असतील तर ४० अंशांची हवा आत येतच राहते. नवी रबरं लावा. हीटर ठेवणार असाल तर गरम पाण्याच्या वाटेत पूर्ण बंद होणारा व्हॉल्व्ह हवा. थोडं जरी पाणी झिरपलं तरी थंड हवा कोमट होते.

डायनॅमोवर एसी चालेल का?

नाही. हिशेब करा : ब्लोअर पूर्ण वेगावर १२ ते १५ अँपिअर, कॉम्प्रेसरचा क्लच ४, पुढचा पंखा ८ ते १२, हेडलाइट १०, इग्निशन ४, वायपर ४. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. डायनॅमो २२ ते ३५ देतो, आणि स्लोवर जवळजवळ काहीच देत नाही. ६५ अँपिअर किंवा त्याहून मोठा अल्टरनेटर लावा. स्लोवर तोही निम्माच देतो, हे धरून चाला. चार्जिंगची मूळ वायर बदला, १० चौरस मिमीची नवी ओढा. ब्लोअर आणि पंखा यांना वेगवेगळे रिले आणि फ्यूज द्या. जुन्या इग्निशन स्विचमधून नुसता रिलेचा इशारा घ्या, प्रवाह नाही.

६ व्होल्टची गाडी आधी १२ व्होल्टवर न्यावी लागते. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे निगेटिव्ह अर्थ केल्याशिवाय आजचा अल्टरनेटर आणि क्लचचा डायोड जोडू नका. डायोड तत्क्षणी जातो.

एसी लावला की डी मध्ये इंजिन बंद पडतं. स्लो वाढवू का?

स्क्रू फिरवून कायमचा स्लो वाढवणं हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात वाईट उपाय आहे. एसी बंद असताना इंजिन ९००-१००० वर चालतं, पी मधून डी किंवा आर मध्ये टाकताना गाडी धक्का देते, आणि त्या धक्क्याने क्लच, बँड आणि युनिव्हर्सल जॉइंट झिजतात. ब्रेक सैल पडला तर गाडी पुढे सरकते, गर्दीत ते धोक्याचं.

योग्य उपाय आयडल-अप. कार्बोरेटरवर सोलेनॉइड किंवा व्हॅक्यूमवर चालणारं ॲक्च्युएटर लावायचं आणि त्याची वायर कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरीला जोडायची. क्लच बसेल तेव्हाच थ्रॉटल किंचित उघडेल. साधं सोलेनॉइड थ्रॉटल स्वतः ढकलू शकत नाही, फक्त धरून ठेवतं. म्हणून एसी लावल्यावर एकदा हलकी रेस द्यावी लागते. सेटिंग करताना चाकांना पाचर (उटी) लावा, हँडब्रेक ओढा, एकाने ब्रेक दाबून गाडी डी मध्ये ठेवावी. एसी बंद असताना डी मध्ये ५५० ते ६५० असेल तर एसी चालू केल्यावरही तेवढाच राहील असं जुळवा.

एसी बसवल्यापासून गिअर उशिरा किंवा जोरात पडतो. का?

पहिला संशय व्हॅक्यूमवर घ्या. व्हॅक्यूम मॉड्युलेटर (व्हॅक्यूमवरून इंजिनवरचा भार ओळखणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सला, उदाहरणार्थ जीएमचे टर्बो ३५० आणि ४००, मॅनिफोल्डमधून स्वतःची नळी येते. आयडल-अपसाठी किंवा हवेच्या झडपांसाठी त्याच नळीवर टी-आकाराचा जोड लावला की मॉड्युलेटरला कमी व्हॅक्यूम मिळतं. गिअरबॉक्सला वाटतं की इंजिनवर मोठा भार आहे. तो ऑइलचा दाब वाढवतो, आणि गिअर उशिरा व जोरात पडतो. एसीसाठी मॅनिफोल्डवर वेगळं तोंड काढा. जुन्या मर्सिडीज डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंपातून येतं आणि त्यावरच इंजिन बंद करण्याची यंत्रणा, दरवाजांची लॉक आणि गिअरचं मॉड्युलेशन चालतं. तिथे एक गळकी नळीही सगळं बिघडवते.

दुसरा संशय लिंकेजवर. पॉवरग्लाइड आणि टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत दांडा जातो. कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट त्याला टेकलं, किंवा कार्बोरेटरचा स्लो बदलल्यावर त्याची लांबी पुन्हा जुळवली नाही, तर दाब चुकतो. दाब कमी पडला तर क्लच घसरून जळतात आणि चालवणाऱ्याला गिअर फार मऊ पडतोय असं वाटून बरंच वाटतं. म्हणून एसीच्या कामानंतर लिंकेज गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे जुळवणं हा कामाचाच भाग धरा.

ओव्हरटेक करताना कॉम्प्रेसर सुटावा म्हणून किकडाऊनच्या जागी एक छोटा स्विच आणि रिले लावता येतो. पेडल पूर्ण दाबलं की क्लच सुटतो. पुणे-बेंगळुरू हायवेवर ट्रकच्या पुढे निघताना त्या पाच-सहा हॉर्सपॉवर उपयोगी पडतात.

कुठला गॅस भरायचा? जुन्या आर-१२ वरच ठेवता येईल का?

आर-१३४ए भरा. आर-१२ चं उत्पादन मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पर्यंत पूर्ण बंद झालं. आज त्या नावाने जे मिळतं ते काय आहे सांगता येत नाही. घरगुती सिलिंडरचा किंवा ज्वलनशील मिश्रणाचा गॅस कोणी स्वस्तात भरून देत असेल तर तिथून निघा. कूलिंग कॉइल तुमच्या पायाशी आहे आणि गळती केबिनमध्ये होते.

जुना आर-१२ चा एसी बदलत असाल तर सगळ्या ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा, होज बॅरिअर प्रकारचे (गॅस पाझरू न देणारे) घ्या. जुनं मिनरल ऑइल फ्लश करून काढा. आर-१३४ए मिनरल ऑइलला वाहून नेत नाही, ते खाली साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. पीएजी किंवा ईस्टर ऑइल वापरा, कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलं असेल तेच आणि तेवढंच.

पाइप कुठे क्रिंप करायचे?

एसी होजचे डाय असतील तिथेच. शिरोली आणि गोकुळ शिरगावात हायड्रॉलिक होजचं काम सगळीकडे होतं, पण हायड्रॉलिक होजमधून हा गॅस पाझरतो आणि फिटिंगही वेगळी असतात. साधारण ६ नंबर लिक्विडला, ८ डिस्चार्जला, १० सक्शनला लागतो. आधी होज कापून जागेवर लावा, फिटिंगचा कोन होजवर खुणेने दाखवा आणि मगच क्रिंप करा. सक्शनचा होज एक्झॉस्टपासून आणि गिअर ऑइलच्या नळ्यांपासून लांब ठेवा. ड्रायर शेवटी बसवा आणि त्याची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. ओ-रिंगला ऑइलचा थेंब लावा आणि नट दोन पान्यांनी घट्ट करा. एकाच पान्याने ॲल्युमिनियमची नळी पिळली जाते.

एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणाऱ्या झडपेचा) बल्ब उघडा असेल तर तो सक्शनच्या पाइपला स्वच्छ जागी घट्ट बांधून वरून कॉर्क टेप गुंडाळा. सैल बल्बमुळे थंडावा कधी येतो, कधी जातो, आणि लोक गॅसला दोष देतात.

गॅस भरण्याआधी पंपाने व्हॅक्यूम मारला तर गेज २८ इंचांच्या पुढे जात नाही. पंप खराब आहे का?

बहुधा नाही. ३० इंचांच्या जवळचा आकडा समुद्रसपाटीचा. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाबच २८ इंचांच्या आसपास आहे, त्यामुळे चांगला पंपही तिथेच थांबतो. २७ च्या खाली अडकला तर मात्र गळती शोधा, कारण तेवढ्या व्हॅक्यूममध्ये आतला ओलावा उकळून बाहेर पडत नाही.

त्याआधी कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआयपर्यंत दाब देऊन प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. टायरवाल्याची हवा वापरू नका. तिच्यात पाणी असतं, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. नायट्रोजन सोडून पाऊण ते एक तास व्हॅक्यूम मारा, पावसाळ्यात दीड तास. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा हलतो का बघा.

गॅस किती भरायचा, आणि गेजवर काय दिसायला हवं?

किटच्या कागदावर लिहिलं असेल तेवढा, वजनकाट्यावर मोजून. बहुतेक अशा जोडण्यांत तो ६५० ते ८५० ग्रॅमच्या दरम्यान येतो. भरण्याआधी कॉम्प्रेसरचा पुढचा भाग हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं ऑइल बाहेर येतं. चालू कॉम्प्रेसरच्या सक्शनला कॅन उलटा धरून द्रव सोडू नका, आतल्या झडपा फुटतात.

बाहेर ३८ अंश असताना, इंजिन १५०० वर, लो साइड (सक्शनचा दाब) ३० ते ४० पीएसआय आणि हाय साइड (डिस्चार्जचा दाब) साधारण २२० ते २५० हवी. हाय साइड ३०० च्या पुढे चढत असेल तर कंडेन्सरसमोर मोठा पंखा लावा किंवा त्याच्यावर पाणी मारा. दाब पटकन उतरला तर गॅस बरोबर आहे, हवा कमी पडते आहे. उतरला नाही तर गॅस जास्त झाला आहे किंवा आत हवा राहिली आहे. ट्रायनरी प्रेशर स्विच लावल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. गॅस गळला तर तोच कॉम्प्रेसरला वाचवतो, आणि दाब चढला की पंखा चालू करतो.

पावसाळ्यात एसी लावायचा का?

जरूर. काचांवरची वाफ जायला त्याहून चांगला उपाय नाही. त्या दिवसांत कूलिंग कॉइलवरून भरपूर पाणी निथळतं. त्याची नळी १२ मिमीहून बारीक नको, तिला सतत उतार हवा, आणि ती एक्झॉस्टवर किंवा गिअरबॉक्सच्या पॅनवर टपकू देऊ नका. पॅनवर पाणी पडत राहिलं की गिअरबॉक्स गळतोय असा गैरसमज होतो. नळी तुंबली तर पाणी कार्पेटखाली जातं आणि पत्रा आतून गंजतो.

केबिनला इन्सुलेशन करावं का?

ऑटोमॅटिक गाडीत तरी नक्की, कारण टॉर्क कन्व्हर्टरच्या वरचा टनेल चांगलाच तापतो. फायरवॉल, टनेल आणि पुढच्या फ्लोअरला ब्युटाइल शीट आणि त्यावर बंद पेशींचा फोम. छताला नुसता फोम.

घाटात काय काळजी घ्यायची?

करूळ, आंबा किंवा फोंडा घाट चढताना कमी वेगात कन्व्हर्टर सतत घसरत असतो, आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. या काळच्या बहुतेक गिअरबॉक्सना लॉक-अप (कन्व्हर्टरची घसरण थांबवणारी सोय) नाही. लिव्हर एल (लो) किंवा २ वर घ्या, इंजिन थोडं वर फिरू द्या, घसरण कमी होते. ऑइलचा काटा ११० च्या पुढे गेला की एसी बंद करा. तरीही चढला तर बाजूला थांबून पी मध्ये (टॉर्कफ्लाइट असेल तर हँडब्रेक ओढून एन मध्ये) इंजिन हजारच्या आसपास चालू ठेवा. लगेच बंद केलं तर ऑइल फिरणं थांबतं. उतरताना एल मध्ये इंजिन फार वर जात असेल तर कॉम्प्रेसरची मर्यादा आठवून एसी बंद ठेवा.

गळीत हंगामात थंडावा कमी होतो, हे खरं आहे का?

खरं आहे. कागल, हातकणंगले, शिरोळच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अर्धा-अर्धा तास रांगते, आणि पाचटाचे तुकडे व धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसतात. हंगामात दर पंधरा दिवसांनी साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने पुढे धुवा. प्रेशर वॉशरने पट्ट्या वाकतात.

एसी बसवल्याने गाडीच्या नोंदणीला अडचण येईल का?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल न केलेली हवी. म्हणून सगळं काम बोल्टने सुटेल असं करा. चेसिस कापू नका, फायरवॉलला शक्यतो जुनीच भोकं वापरा, आणि डायनॅमो, पुली, झाकण, पंखा असे निघालेले मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा.

१२ व्होल्टचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लावला तर ही सगळी कटकट वाचेल का?

नाही. गाडीची केबिन थंड करायला त्याला ८०-१०० अँपिअर आणि त्याहूनही जास्त लागतात. जुन्या गाडीचा अल्टरनेटर स्लोवर तेवढे देऊ शकत नाही.

गाडी महिनोन्‌महिने उभी असते. एसीला काय होतं?

शाफ्टचं सील कोरडं पडून गॅस हळूहळू जातो. दर पंधरा दिवसांनी इंजिन गरम झाल्यावर दहा मिनिटं एसी चालवा, थंडीतही. त्याच वेळी ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवा, म्हणजे गिअरबॉक्सच्या सीलनाही ऑइल मिळतं. क्लच बसताना उशीर करत असेल तर फटीत फीलर गेज घालून बघा. ती ०.४ ते ०.८ मिमी हवी, वाढली असेल तर आतली शिम कमी करतात. फट ठीक असूनही क्लच बसत नसेल तर त्याच्या वायरीला १२ व्होल्टच्या जवळ मिळतात का ते इंजिन चालू ठेवून मोजा. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष इंजिन आणि चेसिसमधल्या गंजलेल्या अर्थच्या पट्टीत सापडतो.